अहंकारी बॉसच्या हाताखाली काम करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मी म्हणेन ती पूर्व दिशा’ अशा वृत्तीच्या एका वरिष्ठांच्या हाताखाली मी साडेचार वर्षं काढली. पुढे माझ्याच हाताखाली माणसं आली. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे कितीतरी लोक मला याबद्दल विचारत आले आहेत. प्रत्येकाची हकिगत वेगळी असली तरी प्रश्न पुन्हापुन्हा तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. बॉसला सुधारायचा उपाय मात्र इथे सापडणार नाही, कारण तो माझ्याकडे नाही. त्यांचा मूड कसाही असला तरी आपल्या कामाचा दर्जा आणि आपली भाषा त्यावर ठरू द्यायची नाही, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे.

१. बॉस अहंकारी आहेत की नुसते कडक, हे ओळखायचं कसं?

कडक बॉस कामावर बोलतात: ‘हा आकडा चुकलाय, उद्या सकाळपर्यंत दुरुस्त करून द्या.’ अहंकारी बॉस माणसावर घसरतात: ‘तुम्हाला एवढंही जमत नाही?’ पण एखाद्या वाक्यावरून शिक्का मारू नका, वाईट दिवस सगळ्यांचेच येतात. दोन-तीन महिने एकच गोष्ट बघा. स्वतःची चूक उघडी पडली की ते काय करतात? कडक माणूस चिडेल, कुरकुरेल, पण आकडा दुरुस्त करेल. अहंकारी माणूस आधी चूक दाखवणाऱ्याचा समाचार घेईल.

आणखी एक खूण आहे. उशिरा येण्याचा, सुट्टीचा, डेडलाइनचा नियम त्यांना स्वतःला आणि त्यांच्या मर्जीतल्यांना लागू होतो का? कडक माणसाचा नियम सहसा सर्वांना सारखाच जाचक असतो. अशा बॉसखाली दमायला होतं, पण माणूस काहीतरी शिकून बाहेर पडतो. तुमचे बॉस या प्रकारचे असतील तर पुढची बरीचशी उत्तरं तुम्हाला लागणारच नाहीत.

२. माझे बॉस ‘नार्सिसिस्ट’ आहेत असं मला वाटतं. तसं बोलून दाखवू का?

नको. कुणाकडेच नको, एचआरकडे तर अजिबात नको. हा शब्द हल्ली सरसकट वापरला जातो, पण वैद्यकीय अर्थाने ते व्यक्तिमत्त्वाच्या विकाराचं निदान आहे. मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या एका प्रमुख निकषसंचात त्याची नऊ लक्षणं दिली आहेत. त्यांतली किमान पाच दीर्घकाळ आणि आयुष्याच्या अनेक अंगांत दिसली, तरच तज्ज्ञ असं निदान करतात. आपल्याला त्या माणसाचं ऑफिसातलं एकच अंग दिसतं.

व्यवहारातलं कारणही आहे. ‘ते नार्सिसिस्ट आहेत’ म्हटलं की चर्चा तुमच्या मतावर जाते. ‘या महिन्यात चार मीटिंगांमध्ये त्यांनी माझं बोलणं मध्येच तोडलं आणि माझा अहवाल न वाचता परत केला’ असं सांगितलं तर चर्चा घटनेवर राहते. लेबल नको, घटना सांगा.

३. प्रोफेशनल राहायचं म्हणजे मूग गिळून गप्प बसायचं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि दर वेळी मला वाईट वाटतं. प्रोफेशनल राहणं म्हणजे सहन करणं, असं आपल्या मनावर कुणीतरी बिंबवलेलं आहे. कुणी ओरडलं तर तुम्ही आवाज चढवत नाही, हे प्रोफेशनल असणं. ओरडून झाल्यावर ‘मुदत शुक्रवारचीच ठरली होती, माझ्याकडे मेल आहे’ असं तुम्ही शांतपणे सांगता, हेही प्रोफेशनलच. पहिलं जमतं आणि दुसरं राहून जातं तेव्हा माणूस आतून झिजत जातो.

गप्प बसण्याची किंमत कामालाही मोजावी लागते. संस्थांमधल्या टीमवर संशोधन करणाऱ्या अ‍ॅमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या टीमचा अभ्यास केला. चांगलं नेतृत्व असलेल्या टीममध्ये औषधं देण्यातल्या चुका कमी आढळतील, अशी अपेक्षा होती. आकडे उलटेच आले. त्या टीम जास्त चुका करत होत्या म्हणून नव्हे, तर तिथले लोक चुका न लपवता सांगत होते म्हणून. जिथे बोलायची भीती असते तिथे सगळं आलबेल दिसतं, आणि तेच घातक असतं.

४. सगळ्यांसमोर पाणउतारा झाला, तर त्या क्षणी काय करावं?

त्या क्षणी फार काही करायचं नसतं. एकदा माझं प्रेझेंटेशन चालू असताना आमच्या वरिष्ठांनी रिमोट हातातून काढून घेतला आणि म्हणाले, ‘हे शाळेतल्या मुलाने केलंय का?’ मी ताडकन म्हणाले, ‘तुम्हीच काल पास केलंय.’ बोलणं खरं होतं. पण त्यानंतरची वीस मिनिटं प्रेझेंटेशन बाजूला राहिलं आणि माझ्या उद्धटपणावर चर्चा झाली. आजही ती खोली आठवली की हात गार पडतात.

त्यानंतर मी स्वतःला एक क्रम लावून घेतला. आधी एक श्वास, घाई न करता. मग बोलण्यातला कामाचा भाग तेवढा उचलायचा: ‘कोणत्या स्लाइडबद्दल म्हणताय? तिथून सुरू करू.’ अपमानाच्या भागाला उत्तर द्यायचं नाही आणि कसनुसं हसायचंही नाही. आपण हसलो की तो विनोद ठरतो, आणि पुढच्या वेळी तीच वाट रुळते.

मूळ विषय नंतर एकट्यात, शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काढा: ‘प्रेझेंटेशनमधल्या त्रुटी मला जरूर सांगा, मी दुरुस्त करेन. सगळ्यांसमोर त्या शब्दांत सांगितलं की काम पुढे नेणं मला अवघड जातं. पुढच्या वेळी एकट्यात सांगाल का?’ ते माफी मागतील अशी आशा धरू नका. तुम्ही हे बोललात, हे त्यांच्या लक्षात राहतं. बऱ्याच जणांच्या बाबतीत पुढच्या वेळी आवाज थोडा खाली आलेला मी पाहिलाय. काहींच्या बाबतीत काहीच फरक पडला नाही. त्यांनी प्रश्न १३ आणि १४ वाचावेत.

५. बॉस तोंडी एक सांगतात आणि नंतर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणतात. काय करू?

हा रोग जुना आहे आणि त्यावर औषधही जुनंच: लिहून घ्या. पण ‘सर, मला लेखी द्या’ असं म्हणू नका. अहंकारी माणसाला त्यात अविश्वास ऐकू येतो आणि तो बिथरतो. लिहायचं काम आपल्याकडे घ्या. बोलणं झाल्यावर अर्ध्या तासात चार ओळींचा मेल टाका: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे अहवालात फक्त पहिल्या दोन तिमाही घेते आहे. तिसरी तिमाही पुढच्या महिन्यात. काही बदल असल्यास दुपारी चारपर्यंत कळवा, त्यानंतर मी पुढचं काम सुरू करेन.’

शेवटची ओळ महत्त्वाची. उत्तर आलं नाही तरी काम कशाच्या आधारावर सुरू केलं ते नोंदलेलं राहतं. भाषा मदतनिसाची ठेवा, वकिलाची नको. ‘आपण सांगितल्याचा पुरावा म्हणून’ असले शब्द घातले की मेल वाचण्याआधीच भांडण सुरू होतं. आणि हा मेल फक्त वादग्रस्त कामांपुरता ठेवू नका. प्रत्येक महत्त्वाच्या बोलण्यानंतर पाठवत गेलात तर ती तुमची कामाची पद्धत ठरते, त्यात कुणाला टोमणा दिसत नाही.

एवढं करूनही ते नाकारतील तेव्हा ‘बघा, मेलमध्ये आहे!’ असं विजयी मुद्रेने दाखवू नका. ‘माझ्या समजण्यात गोंधळ झाला असेल, तेव्हाच्या मेलमध्ये असं लिहिलेलं दिसतंय, आता कसं करायचं?’ असं विचारा. त्यांना मागे फिरायला वाट ठेवली की ते फिरतात. भिंतीला पाठ लागलेला माणूस फिरत नाही.

६. वाईट वागणुकीची नोंद ठेवावी म्हणतात. म्हणजे नक्की काय लिहायचं?

तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, जसेच्या तसे शब्द आणि त्याचा कामावर झालेला परिणाम. बस. ‘नेहमीसारखे भडकले’ असं लिहिलेलं सहा महिन्यांनी कुणाच्याही उपयोगी पडत नाही. ‘मंगळवारी अकराच्या मीटिंगमध्ये, पाच जणांसमोर, फाइल टेबलावर आपटून म्हणाले…’ हे उपयोगी पडतं. त्याच दिवशी लिहा, कारण आठवण फार लवकर रंग बदलते. तुमचं काय चुकलं होतं तेही लिहा. एकतर्फी नोंदीवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

ही वही किंवा फाइल तुमची स्वतःची असावी, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. मात्र ऑफिसची गोपनीय कागदपत्रं किंवा ग्राहकांची माहिती खासगी मेलवर पाठवू नका. तक्रार खरी असूनही केवळ या चुकीमुळे लोक अडचणीत आलेले मी पाहिले आहेत. चोरून रेकॉर्डिंग करण्याबद्दलचे कायदे जागोजागी वेगळे आहेत, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

७. माझ्या कामाचं श्रेय बॉस स्वतःकडे घेतात. हे चालवून घ्यावं का?

काही प्रमाणात हो. टीमचं काम वर मांडताना बॉस ‘आम्ही केलं’ म्हणतात, ते रीतीला धरून आहे. ‘मी केलं’ म्हणतात आणि तुमचं नाव पुसतात, तिथे प्रश्न सुरू होतो. नंतर जाऊन ‘ते माझं होतं’ म्हणण्यात फारसा अर्थ नसतो. काम चालू असतानाच ते दिसत राहील अशी व्यवस्था करा. आठवड्याचा छोटा आढावा संबंधित सगळ्यांना जाऊ द्या, फाइलवर तयार करणाऱ्याचं नाव ठेवा, मीटिंगमध्ये तुमच्या भागावरच्या बारीक प्रश्नांना तुम्हीच उत्तर द्या. जो तपशिलात उत्तर देतो त्याचंच काम आहे हे ऐकणाऱ्याला आपोआप समजतं.

आणि तुमच्या सहकाऱ्याचं श्रेय तुम्ही मोकळेपणाने, नाव घेऊन द्या. ज्या टीममध्ये नावं घेण्याची सवय पडते तिथे एकट्या बॉसने नाव गाळलं तर ते सगळ्यांच्या नजरेत येतं.

८. बॉस चुकताहेत हे दिसतंय. त्यांचा अहंकार न दुखावता सांगायचं कसं?

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो याचं उदाहरण आधी देते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर, दाट धुक्यात, दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसं गेली. धावपट्टीवर वेग घेणाऱ्या विमानाचे कॅप्टन त्यांच्या कंपनीतले अत्यंत ज्येष्ठ, वैमानिकांना शिकवणारे वैमानिक होते. उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती. दुसरं विमान धावपट्टीवरून अजून बाजूला झालेलं नाही का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टननी ती ठामपणे उडवून लावली आणि कॉकपिटमध्ये पुन्हा कुणी विषय काढला नाही. अपघाताला इतरही कारणं होती, रेडिओवरचे संदेश एकमेकांत मिसळले होते. पण हाताखालच्या माणसाची शंका विरून गेली, हे कुणी विसरलं नाही. अशा अपघातांनंतर, १९७९ पासून, वरिष्ठाला स्पष्टपणे अडवायचं कसं आणि वरिष्ठाने ऐकायचं कसं याचं प्रशिक्षण विमान क्षेत्रात रुजत गेलं. पुढे ते शस्त्रक्रियागृहांतही पोचलं.

त्या प्रशिक्षणातली पायऱ्यांची पद्धत ऑफिसातही चालते. पहिल्यांदा प्रश्न विचारा: ‘या आकड्यात परताव्याची रक्कम धरली आहे का?’ उत्तर टाळलं गेलं तर चिंता उघड सांगा: ‘ती धरलेली नसेल तर ग्राहकाला चुकीचं कोटेशन जाईल, याची मला काळजी वाटते.’ तिसऱ्यांदा पर्याय द्या: ‘मला दहा मिनिटं द्या, तपासून आणते, मग पाठवू.’ शंका पहिल्यांदा झटकली गेली तर तीच पुन्हा, अधिक स्पष्ट शब्दांत मांडायची, हा तिथला नियम मला फार मोलाचा वाटतो. आपल्यातले बहुतेक जण एकदा पुटपुटतात आणि ‘मी सांगितलं होतं’ म्हणून मोकळे होतात. पुटपुटणं म्हणजे सांगणं नव्हे.

अहंकारी माणसाला सांगताना दोन गोष्टींनी फरक पडतो. एकट्यात सांगा, आणि निर्णयाच्या आधी सांगा. चारचौघांत निर्णय जाहीर झाल्यावर तो त्यांच्या इज्जतीचा प्रश्न होतो. मात्र कुणाच्या जिवाला धोका असेल तर पायऱ्या, एकांत, इज्जत सगळं बाजूला ठेवा आणि मोठ्याने ‘थांबा’ म्हणा.

९. थोडी स्तुती करून काम होत असेल तर बिघडलं कुठे?

खरी असेल तर काहीच बिघडत नाही. अहंकारी बॉसही काही बाबतीत निष्णात असतात. माझे वरिष्ठ वाटाघाटीत अफलातून होते आणि ते मी त्यांना मनापासून सांगायचे. खोटी स्तुती मात्र वाढत्या व्याजाच्या कर्जासारखी असते. आज हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत, उद्या त्याहून उंच चढवावं लागतं. आणि ज्या दिवशी खरं बोलायची वेळ येते, त्या दिवशी तुमच्या शब्दाला वजन उरलेलं नसतं. सहकाऱ्यांच्या नजरेतून उतरता ते वेगळंच.

१०. घरी आल्यावरही डोक्यात तेच चालू राहतं. ते थांबवायचं कसं?

आधी हे ऐका की तुम्ही हळवे आहात म्हणून हे होत नाही. लंडनच्या दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात कामावर स्वतःचं नियंत्रण कमी असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असल्याचं दिसलं. शरीर हे सगळं मोजत असतं.

मला उपयोगी पडलं ते लिहिणं. ही प्रश्न ६ मधली नोंद नव्हे. हे फक्त स्वतःसाठी, मनात येईल तसं. मानसशास्त्रातले संशोधक जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याच स्वरूपाचा होता: चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायचं. लिहिताना बरं वाटत नाही, उलट पहिले दोन दिवस जड जातात. पण डोक्यात गोल गोल फिरणाऱ्या वाक्याला कागदावर पूर्णविराम मिळतो.

घरच्यांशी बोला, पण वेळेची मर्यादा ठेवून. माझ्या घरी संध्याकाळची पंधरा मिनिटं ठरलेली होती. त्यानंतर त्या माणसाचं नाव निघायचं नाही, कारण ऑफिसचे आठ तास त्यांना दिल्यावर जेवणाचं ताटही देऊन टाकायची माझी तयारी नव्हती. झोप उडाली असेल, सकाळी उठल्यापासून छातीत धडधडत असेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर लेख वाचत बसू नका. डॉक्टरांकडे जा, आजच.

११. रात्री उशिरा मेसेज येतात. लगेच उत्तर द्यावं लागतं का?

खरी आणीबाणी असेल तर द्या. एरवी सकाळी, कामाची वेळ सुरू होताच, पहिल्या पाच मिनिटांत द्या: ‘मेसेज पाहिला, अकरापर्यंत पाठवते.’ रात्री उत्तर न देणं आणि सकाळी तत्परतेने देणं, हे दोन्ही सातत्याने जमलं तर मर्यादा न भांडता आखली जाते. चार वेळा रात्री उत्तर देऊन पाचव्या वेळी दिलं नाही तर मात्र तो बेजबाबदारपणा ठरवला जातो.

१२. सहकाऱ्यांशी बॉसबद्दल बोलावं का?

एखाद्या विश्वासू माणसाशी जरूर बोला. ‘मलाच असं वाटतंय का?’ या प्रश्नाचं उत्तर एकट्याने सापडत नाही. पण रोजची कुचाळकी वेगळी. त्यात मोकळं झाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात राग ताजा राहतो आणि तुमचं वाक्य तिखटमीठ लावून वर पोचतं. टीमच्या ग्रुपवर नक्कल, टोपणनावं, स्क्रीनशॉट हे काहीही नको. जे वाक्य उद्या मोठ्याने वाचून दाखवलं तर तुमची मान खाली जाईल, ते लिहू नका.

१३. बॉसच्या बॉसकडे किंवा एचआरकडे कधी जावं?

थेट बोलून पाहिलंय (प्रश्न ४), नोंदी आहेत (प्रश्न ६) आणि वागणं थांबलेलं नाही, अशी स्थिती असेल तेव्हा. जाताना मागणी घेऊन जा. ‘त्यांचं काहीतरी करा’ ही मागणी होत नाही. ‘कामाचे आदेश लेखी मिळावेत’, ‘मूल्यमापनात दुसऱ्या वरिष्ठाचाही सहभाग असावा’, ‘माझी दुसऱ्या टीममध्ये बदली व्हावी’ या मागण्या आहेत. हो किंवा नाही म्हणता येईल असं काहीतरी समोरच्याच्या हातात द्या.

एचआर हा विभाग संस्थेच्या बाजूने विचार करतो, हे गृहीत धरूनच बोला. त्यांना वाईट म्हणण्याचं कारण नाही, त्यांचं काम ते आहे. म्हणून तुमच्या दुःखाबरोबर संस्थेचं नुकसानही दाखवा: वर्षभरात किती जण सोडून गेले, कोणती कामं दोनदा करावी लागली. आणि भेटीनंतर प्रश्न ५ मधला चार ओळींचा मेल इथेही पाठवा.

१४. ‘सांभाळून घेणं’ नेमकं कुठे थांबवायचं?

अंगावर हात, लैंगिक स्वरूपाचं बोलणं किंवा स्पर्श, जात, धर्म, लिंग, शरीर यांवरून हिणवणं, धमकी. यांपैकी काहीही घडलं तर वरचे संयमाचे सल्ले लागू नाहीत. दुसऱ्या वेळेची वाट बघू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या, २०२१ पासून अमलात आलेल्या १९० क्रमांकाच्या करारात कामाच्या जगातल्या हिंसा आणि छळाच्या व्याख्येतच ‘एकदा घडलेलं किंवा वारंवार घडणारं’ असं दोन्ही आहे. इंटर्न, शिकाऊ, स्वयंसेवक, नोकरीसाठी अर्ज केलेले उमेदवार या सर्वांना त्याचं संरक्षण अभिप्रेत आहे. तुमच्या देशातला कायदा आणि संस्थेची तक्रार समिती कोणती ते शोधा आणि लेखी तक्रार करा. इथे गप्प बसणं हा प्रोफेशनलपणा नाही.

१५. बॉसने चुकीच्या कागदावर सही करायला किंवा आकडे बदलायला सांगितलं तर?

सही करू नका. ‘हे आकडे मूळ नोंदींशी जुळत नाहीत, जुळल्यावर मी लगेच सही करते’ हे वाक्य तोंडी सांगा, मग मेलवर लिहा. सही तुमची असेल तर उद्या जबाबदारीही तुमचीच, आणि त्या दिवशी बॉस हात वर करतील. दबाव वाढला तर ऑडिट किंवा नियमपालन बघणारा (कंप्लायन्स) विभाग गाठा, आणि संस्थेबाहेरच्या वकिलाशी एकदा बोला. अहंकार सांभाळण्याचा हा विषयच नाही.

१६. कदाचित चूक माझीच असेल, असं सारखं वाटतं.

थोडी असेलही. म्हणून तपासा: बॉसनी केलेल्या टीकेतून विशेषणं काढून टाका आणि उरलेलं वाक्य वाचा. ‘कायमचा निष्काळजीपणा, तीन तारखा चुकवल्या’ यातला निष्काळजीपणा बाजूला ठेवा, तीन तारखा खऱ्या आहेत का ते बघा. खऱ्या असतील तर त्या सुधारा, त्यासाठी बॉस आवडायची गरज नाही. काहीच उरत नसेल, नुसती विशेषणंच असतील, तर उत्तर मिळालं. याआधीच्या वरिष्ठांनी तुमच्याबद्दल काय म्हटलं होतं तेही आठवा. एका माणसाच्या हाताखाली आल्यावर अचानक कुणी नालायक होत नाही.

१७. बॉसच कंपनीचे मालक आहेत. तक्रार करायची कुणाकडे?

प्रश्न १३ इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. अशा ठिकाणी दोनच गोष्टींनी फरक पडताना मी पाहिलाय: मालक ज्याचं ऐकतात असा एखादा जुना भागीदार, सल्लागार किंवा हिशेबनीस, आणि तुमच्या हातात असलेली दुसरी नोकरी. दुसरीचा उपयोग धमकीसाठी करू नका. ती आहे हे तुम्हाला माहीत असणं पुरेसं असतं, बोलण्यातला कंप तेवढ्यानेही जातो. प्रश्न १४ मधल्या गोष्टी घडत असतील तर मालकालाही कायदा लागू होतो.

१८. मी मधल्या फळीत आहे. वरून येणारा राग खाली टीमवर निघतो.

हे विचारणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो, कारण बहुतेकांना हे दिसतच नाही. वरच्यांचे शब्द खाली नेऊ नका, फक्त काम न्या. ‘साहेब भडकलेत, तुम्ही सगळे निकम्मे आहात’ याऐवजी ‘मुदत गुरुवारवर आली आहे, कोणता भाग आधी घ्यायचा ते ठरवू’. वरच्या भेटीनंतर दहा मिनिटं एकट्याने चाला, मग टीमसमोर जा. एखाद्या दिवशी ओरडलातच तर त्याच दिवशी, त्याच लोकांसमोर माफी मागा. त्यांनी कदाचित वरिष्ठाला माफी मागताना पहिल्यांदाच पाहिलेलं असेल.

१९. नोकरी सोडताना खरं कारण सांगावं का?

राजीनाम्यात नको. तिथे तारीख, आभाराची एक ओळ आणि हँडओव्हरची तयारी पुरे. शेवटच्या मुलाखतीत विचारलं तर घटना सांगा, स्वभाव नको. नव्या ठिकाणी ‘का सोडली?’ असं विचारतील, तेव्हा पुढे काय करायचंय ते सांगा: ‘निर्णयात अधिक सहभाग असलेलं काम हवं होतं.’ हे खोटं नाही. जुन्या बॉसवर पाच मिनिटं बोलणारा उमेदवार समोरच्याला उद्याचा त्रास वाटतो, मग तो कितीही खरं बोलत असो. आणि हँडओव्हर नीट करा. तुमच्या जागी येणारा माणूस त्याच बॉसच्या हाताखाली येणार आहे. त्याला निदान फाइली तरी जागेवर सापडू द्या.

२०. आता नवीन बॉस खूप चांगले आहेत, तरी त्यांचा ‘जरा येता का?’ असा मेसेज आला की पोटात गोळा येतो. असं का?

शरीराला नवी नोकरी लागल्याचं उशिरा कळतं. माझ्या बाबतीत याला जवळपास वर्ष लागलं. नव्या वरिष्ठांना मागची कहाणी सांगायची गरज नसते, पण एक साधी विनंती करता येते. मी केली होती: ‘बोलावताना विषय लिहाल का? म्हणजे तयारीने येते.’ त्यांनी काही न विचारता ‘हो’ म्हटलं. पुढचा मेसेज आला, ‘जरा येता का? सुट्ट्यांचं वेळापत्रक लावायचंय.’ मी वही घेऊन गेले. वेळापत्रकच लावायचं होतं.